एक्स्पोतली गाडी शोरूमला येईपर्यंत बिघडते का?

शहाद्याच्या एका मुलाचा प्रश्न आहे. मेकॅनिकलच्या शेवटच्या वर्षाला आहे. तो विचारतो, "ताई, ऑटो एक्स्पोत गाडी दाखवतात तेव्हा ती नुसती आग असते. दीड-दोन वर्षांनी तीच धुळ्याच्या शोरूममध्ये येते तेव्हा चाकं बारीक झालेली, छत वर गेलेलं, सगळा रुबाब उतरलेला. मधल्या काळात होतं काय? डिझायनर चांगलं काढतात आणि इंजिनिअर बिघडवतात, असं आहे का? आणि माझा हात चित्राला बरा आहे, तर मी या लाइनला यावं का?"

मी मूळची अमळनेरची. बरीच वर्षं पुण्यात गाड्यांच्या स्टुडिओत काम करते, आधी क्ले मॉडेलिंग, म्हणजे मातीत गाडीचं मॉडेल घडवणं, आणि आता सरफेस, म्हणजे कम्प्युटरवर गाडीचा पृष्ठभाग घडवणं. शेवटच्या प्रश्नाचं उत्तर शेवटीच देते, कारण आधीचं वाचल्यावर तुझा प्रश्नच कदाचित बदलेल.

तू धरून चाललायस की आधी कॉन्सेप्ट, म्हणजे नुसती दाखवायची गाडी, बनते आणि मग तिची काटछाट करून रस्त्यावरची गाडी निघते. पुष्कळदा उलटं असतं. तारखा बघ. टाटांची एच-५-एक्स फेब्रुवारी २०१८ च्या एक्स्पोत उभी होती आणि हॅरिअर जानेवारी २०१९ मध्ये विक्रीला आली. मध्ये गेले अकरा महिने. पत्र्याच्या बाहेरच्या पॅनेलची डिझाइन पक्की झाल्यावर डाय, म्हणजे पत्रा दाबायचे साचे, बनवायच्या, प्रेसवर ट्राय घ्यायचे, पत्रा कुठे फाटतो, कुठे सुरकुततो ते दुरुस्त करायचं, गाड्या आपटून चाचण्या करायच्या, हे काम अकरा महिन्यांत उरकत नाही. म्हणजे मंचावर पडदा उठला तेव्हा हॅरिअरचा पत्रा ठरून गेलेला होता. त्याच एक्स्पोतली मारुतीची फ्यूचर-एस सप्टेंबर २०१९ मध्ये एस-प्रेसो म्हणून आली. २०२० ची एचबीएक्स ऑक्टोबर २०२१ मध्ये पंच झाली. हिशेब तोच.

अशा गाडीला मी शो कार म्हणते. ठरलेली गाडी घ्यायची, तिला दोन-चार इंच मोठी चाकं लावायची, छत थोडं दाबायचं, आरशांच्या जागी कॅमेरे लावायचे, बंपर खोल कापायचे आणि दिव्यांखाली उभी करायची. तू शोरूममध्ये जे बघतोस ते मूळ असतं आणि एक्स्पोतलं त्याचं वाढवून सांगितलेलं रूप. कंपनीला यातून लोकांच्या नजरेला नवा चेहरा सवयीचा करायचा असतो, डीलरला धीर द्यायचा असतो, आणि एखादी गोष्ट लोकांना फारच खटकली तर ग्रिल, दिव्याची आतली रचना, रंग, असं शेवटच्या घटकेलाही बदलता येणारं काही बदलायचं असतं.

निव्वळ विचार म्हणून बनवलेल्या गाड्याही असतात. त्यांची परंपरा जुनी आहे. जनरल मोटर्सने १९२७ मध्ये हार्ले अर्लच्या हाताखाली रूपाचं वेगळं खातं काढलं आणि १९३८ मध्ये त्यानं ब्यूक वाय-जॉब बनवली. झाकले जाणारे दिवे, विजेवर चालणाऱ्या काचा. ती विकायची नव्हतीच, अर्ल स्वतःच ती चालवत फिरायचा. जगातली पहिली कॉन्सेप्ट कार म्हणून बहुतेक लोक तिचंच नाव घेतात. गाडीचं पूर्ण मापाचं मॉडेल मातीत घडवायची पद्धत रुळवण्यात त्याच माणसाचा मोठा वाटा आहे, आणि नव्वदेक वर्षांनंतरही आम्ही तेच करतोय. पण आपल्या एक्स्पोत असल्या गाड्या थोड्याच असतात.

आता रुबाब उतरतो म्हणजे नक्की काय होतं, ते.

सारंगखेड्याच्या यात्रेत घोडे घेणारी जुनी माणसं बघितली असतील तू, शहाद्याहून कितीसं लांब आहे. ती घोड्याच्या तोंडाशी, झुलीशी, कपाळावरच्या गोंड्याशी थांबत नाहीत. लांब उभी राहतात. पाय, पाठीची लांबी, मान कुठून उठते, छाती पुढे आहे की पोट. "पहिले पाय दखा, मंग तोंड." गाडीचं तंतोतंत तसंच आहे. लोक दिवे, ग्रिल, दारावरच्या रेघा यांवर वाद घालतात. पण गाडी तीस-चाळीस पावलांवरून बरी दिसते की नाही ते ठरतं चाकं केवढी, कुठे, आणि त्यांच्यावर अंग केवढं यावर. याला आम्ही प्रपोर्शन म्हणतो. ते बिघडलं की वरचं सगळं रंगकाम फुकट.

मोजून बघ. गाडीच्या उंचीत टायरसकट चाक किती वेळा बसतं? वॅगनआरची उंची १६७५ मिलिमीटर. १४ इंची रिमवरचा टायर धरून चाक साधारण ५९०. म्हणजे उंचीत पावणेतीन चाकांहून थोडी जास्त. महिंद्राच्या बीई-६ ची उंची १६२७, म्हणजे वॅगनआरपेक्षा फार कमी नाही. पण तिची १९ इंची चाकं टायरसकट साडेसातशेच्या घरात जातात. उंचीत सव्वादोनलाही कमी. डिझाइनच्या शाळेत आम्हाला स्केचसाठी ठोकताळा शिकवतात तो उंचीला दोन चाकं आणि पुढच्या-मागच्या चाकांच्या मधल्या मोकळ्या जागेत तीन चाकं. कॉन्सेप्ट त्या ठोकताळ्यावर किंवा त्याच्याही पलीकडे उभी असते. रस्त्यावरची गाडी तिथून मागे येते, आणि जेवढी मागे येते तेवढा तुझा अपेक्षाभंग. हॅरिअर आली तेव्हा लोकांनी पहिली तक्रार १७ इंची चाकांचीच केली होती. चाकाची कमान मोठ्या चाकासाठी कोरलेली आणि आत चाक लहान. ज्यानं कधी पेन्सिल धरली नाही त्यालाही ते खटकलं.

मग मोठी चाकं लावत का नाहीत? टायर महाग होतो, वजन वाढतं, मायलेज पडतं, स्टिअरिंग वळवल्यावर चाकाला आत जास्त जागा लागते, आणि टायरची भिंत पातळ झाली की शिरपूर-चोपडा रस्त्यावर पावसाळ्यानंतरच्या एका खड्ड्यात रिम जाते. हिशेब साधा आहे आणि मला तो चुकीचा वाटत नाही.

यातला सगळ्यात मोठा राजा मात्र कर आहे. २००६ च्या अर्थसंकल्पात छोट्या गाडीची व्याख्या झाली: लांबी ४००० मिलिमीटरपर्यंत, पेट्रोल इंजिन १२०० सीसी, डिझेल १५०० सीसी. त्यात बसली तर अबकारी कर २४ ऐवजी १६ टक्के. कराचे दर पुढे बदलत गेले, पण लांबीची ती रेघ राहिली. सप्टेंबर २०२५ पासून त्यात बसणाऱ्या गाडीला जीएसटी १८ टक्के आणि न बसणाऱ्या मोठ्या गाडीला ४० टक्के. म्हणजे भारतातल्या निम्म्याअधिक स्केचची पहिली रेघ डिझायनर ओढतच नाही, ती दिल्लीत ओढलेली असते.

त्या रेघेनं काय केलं ते डिझायरवर शिक. २००८ ची डिझायर ४१६० मिलिमीटर होती. २०१२ ची ३९९५. मागून १६५ मिलिमीटर गेले, आणि डिकी अशी दिसायची की कुणीतरी मागून ढकलून आत बसवलीय. कुठल्याच रेघेनं, कुठल्याच दिव्यानं ते झाकलं जाणार नव्हतं. पण २०१७ ची घे. लांबी तीच, ३९९५, एका मिलिमीटरचाही फरक नाही. उंची ४० मिलिमीटर कमी केली, रुंदी ४० नं वाढवली, व्हीलबेस, म्हणजे पुढच्या चाकाच्या मध्यापासून मागच्या चाकाच्या मध्यापर्यंतचं अंतर, २० नं ताणला. गाडी सुधारली. डिकी अजूनही आखूडच आहे, पण आता ती गाडीचीच वाटते. प्रपोर्शन म्हणजे काय हे कुणी विचारलं तर मी या दोन गाड्या शेजारी उभ्या करून दाखवते आणि गप्प बसते.

बीई-६ आपल्या कॉन्सेप्टच्या इतकी जवळ राहिली तेही याच कारणानं. ऑगस्ट २०२२ मध्ये बीई-०५ दाखवली, नोव्हेंबर २०२४ मध्ये गाडी आली, आणि ओळखीचीच आली. ती चार मीटरच्या भानगडीत नाहीच, ४३७१ मिलिमीटर आहे, आणि खालचा सांगाडा इलेक्ट्रिकसाठी नव्यानं बनवलेला. पुढे इंजिनाचं धूड नाही, त्यामुळे २७७५ चा व्हीलबेस देऊन चाकं कोपऱ्यात ढकलता आली. म्हणजे डिझायनरला पाय आधी मिळाले. जुन्या प्लॅटफॉर्मवर, म्हणजे आधीच्या गाडीच्या सांगाड्यावर, नवी गाडी काढायची तर चालक कुठे बसणार, पेडल कुठे, पुढचं चाक पेडलपासून किती लांब, रेडिएटर केवढा, हे सगळे हार्ड पॉइंट आधीच कागदावर असतात. आम्हाला मिळते ती त्यांच्यावर ओढायची कातडी.

मग आम्ही लबाड्या करतो. उंच आणि अरुंद गाडी बुटकी दिसावी म्हणून छत काळं करतो. दाराखाली आणि चाकाभोवती काळं प्लॅस्टिक लावतो, म्हणजे रंगीत भागाची उंची कमी दिसते आणि चाक मोठं वाटतं. मागच्या खांबावर काळी पट्टी देऊन छत तरंगतं असं भासवतो. मुख्य दिवा खाली बंपरमध्ये नेतो आणि वर बारीक डीआरएल, म्हणजे दिवसा पेटणारी दिव्याची पट्टी, ठेवतो, चेहरा पातळ दिसतो. कायद्यानं डिपरचा दिवा जमिनीपासून ५०० ते १२०० मिलिमीटरमध्येच हवा, त्यामुळे ही खेळीही एका पट्ट्यातच चालते. ही लबाडी मला मान्य आहे. फक्त ते काळं प्लॅस्टिक जळगाव-भुसावळच्या उन्हात दोन-तीन उन्हाळ्यांत राखाडी पडतं, आणि चकचकीत काळं लावलं तर धुळीचं फडकं फिरवून फिरवून त्यावर रेघोट्या पडतात. हे पुण्यातल्या एसीत बसून सुचत नाही. माझ्या हातात असतं तर मी चकचकीत काळं दारापासून लांबच ठेवलं असतं.

आता एक गोष्ट जवळून दाखवते. कुठल्याही चार दारांच्या गाडीपाशी जा आणि मागच्या दाराची काच खाली कर. बऱ्याच गाड्यांत ती पूर्ण खाली जात नाही, दोन-चार बोटं वर राहते. किंवा काचेच्या मागे एक उभी पट्टी आणि तिच्यामागे छोटी तिकोनी, न हलणारी काच दिसेल. हे का? काच दाराच्या पोटात उतरते. दाराचा मागचा खालचा कोपरा चाकाच्या कमानीनं खाल्लेला असतो. पूर्ण रुंद काच खाली गेली तर कमानीवर आपटेल. म्हणून काच अरुंद करायची, उरलेली जागा बंद काचेनं भरायची. शिवाय काच सरकायची तर तिचा बाक एकसारखा हवा, पिंपाच्या भिंतीतून कापलेल्या तुकड्यासारखा, म्हणजे ती स्वतःच्याच वाटेनं खाली उतरते. मनात येईल तसा बाक दिला की काच दारात अडकली. कॉन्सेप्टच्या काचा उतरतच नाहीत. त्यामुळे तिथं खिडकी सुऱ्यासारखी बारीक चालते, मधला खांब काढून टाकला तरी चालतो.

१९९१ ची टाटा सिएरा आठवत असेल कुणाला घरच्यांना. मागे छतापर्यंत वळलेली ती मोठी काच. ती जमली कारण मागे दारच नव्हतं आणि काच उघडायची नव्हती. २०२५ ची सिएरा चार दारं घेऊन आली, मागच्या काचा उतरायलाच हव्यात, मग तो जुना भास काळ्या चकचकीत पट्ट्यांनी उभा केलाय. कुणी त्याला फसवणूक म्हणेल. मी म्हणेन, दार ठेवून आठवणही ठेवायची तर याहून बरा रस्ता मला दिसत नाही.

क्लेबद्दल विचारलं नाहीस, पण माझं अर्धं आयुष्य त्यात गेलंय, तर सांगतेच. ही कुंभाराची माती नाही. मेणकट, तपकिरी क्ले असते. ओव्हनमध्ये ५५-६० अंशांवर मऊ करायची, फोमच्या सांगाड्यावर हातानं थापायची, थंड झाली की कडक होते, मग मिलिंग मशीन कम्प्युटरवरचा आकार त्यात कोरतं. पुढचं हातानं. पोलादी पातळ पट्टी वाकवून दोन्ही हातांत धरायची आणि पृष्ठभागावरून ओढायची, केसाएवढा पापुद्रा निघतो. कित्येकदा एकाच मॉडेलच्या डाव्या अंगाला एक प्रस्ताव आणि उजव्या अंगाला दुसरा असतो. काळी टेप चिकटवून रेघ वर-खाली करून बघतात. शेवटी चांदीच्या रंगाची ताणणारी फिल्म ओली करून अख्ख्या मॉडेलवर चढवतात आणि मग खरी परीक्षा.

कारण गाडीचा पत्रा आपल्याला दिसतच नाही, त्याच्यात उमटलेलं प्रतिबिंब दिसतं. दाराचा जो भाग किंचित वर तोंड करून आहे त्यात आकाश दिसतं, तो उजळतो. जो किंचित खाली झुकलाय त्यात जमीन दिसते, तो काळवंडतो. त्या दोघांमधली सीमा म्हणजे तुला दारावर दिसणारी रेघ. ती रेघ पुढच्या दिव्यापासून मागच्या दिव्यापर्यंत न अडखळता वाहिली पाहिजे. एका जागी पृष्ठभाग अर्ध्या मिलिमीटरनं दबलेला असेल तर रेघ तिथं मुरगळते. नवख्याला सांगता येत नाही काय चुकलं, पण गाडी स्वस्त वाटते. कम्प्युटरवर हेच काळे-पांढरे झेब्रा पट्टे टाकून तपासतात, आणि त्यानंतरच त्याला क्लास-ए सरफेस म्हणतात.

इथं आपला प्रदेश मध्ये येतो. मऊ, ढगाळ उजेडात नाजूक वळणं छान वाचता येतात. आपल्याकडे एप्रिलच्या दुपारी ऊन डोक्यावर असतं. बॉनेट आणि छत पांढरंफटक होतं, दारं स्वतःच्याच सावलीत, आणि खालच्या भागात रस्त्याची धूळ किंवा काळी जमीन उमटते. त्या उजेडात बारीकसारीक वळण मरतं. त्यात आपल्याकडे सगळ्यात जास्त खपतो पांढरा रंग, ज्यात प्रतिबिंब फिकंच पडतं. चांदीच्या फिल्मवर जो पृष्ठभाग बघून सगळे माना डोलवतात तोच पांढऱ्यात सपाट दिसतो. म्हणून मॉडेल भर दुपारी उघड्या आवारात काढून बघावं, आणि एकदा तरी पांढऱ्यात बघावं, असा माझा आग्रह असतो. दरवेळी ऐकलं जातं असं नाही. आपल्या बाजारातल्या गाड्यांवर तुला कडक, खोल रेघा जास्त दिसतात, त्याचं एक कारण मला तरी हे ऊन वाटतं. दुसरं कारण, खांदे उडवून सांगायचं तर, फॅशन.

मग इंजिनिअर बिघडवतात का? नाही. बाहेरचा पत्रा जेमतेम ०.७ मिलिमीटरचा असतो. फार खोल ओढला तर फाटतो, फार सपाट ठेवला तर बोटानं दाबल्यावर टणकन आत-बाहेर होतो. बॉनेट इंजिनाला चिकटून खाली आणायचं डिझायनरच्या फार मनात असतं, पण पायी चालणाऱ्याचं डोकं आपटलं तर पत्रा दबायला खाली मोकळी जागा हवी. ती जागा सोडली की बॉनेट वर येतं. एआयएस-१०० हा नियम त्याच्यासाठीच आहे, आणि ज्या रस्त्यावर बैलगाडी, सायकल, केळीचा ट्रक आणि शाळेची पोरं एकत्र चालतात तिथं हा नियम नको म्हणणाऱ्याला मी स्टुडिओत उभं करणार नाही. बाकी नंबरप्लेटला ५०० बाय १२० ची सपाट जागा, वायपर, पेट्रोलचं झाकण, दोरी बांधायचा हूक, दारांमधल्या फटी. कॉन्सेप्टवर यातलं काही नसतं. चांगला डिझायनर या गोष्टींची जागा पहिल्या महिन्यातच ठरवतो. कच्चा डिझायनर त्या शेवटी चिकटवतो, मग इंजिनिअरला दोष देतो.

आता तुझं. हात चांगला आहे हे पुरेसं नाही, पण सुरुवात म्हणून वाईट नाही. मेकॅनिकल झाल्यावर सीईईडी ही प्रवेश परीक्षा देऊन मुंबईच्या आयआयटीतल्या आयडीसी या डिझाइन विभागासारख्या ठिकाणी एम.डेस., म्हणजे डिझाइनची पदव्युत्तर पदवी, करता येते. एनआयडी या राष्ट्रीय डिझाइन संस्थेची वेगळी परीक्षा असते, आणि तिचा ट्रान्सपोर्टेशनचा पदव्युत्तर अभ्यासक्रम गांधीनगरला आहे. पुण्याजवळ लोणी काळभोरला एमआयटीची डिझाइन संस्था आहे, ती खाजगी आहे, फी आधी बघून घे. या सगळीकडे जागा थोड्या आणि स्टायलिंगच्या नोकऱ्या त्याहून थोड्या. पण स्टुडिओत फक्त स्केच काढणारेच नसतात. डिजिटल सरफेस करणारे, क्ले मॉडेलर, रंग-कापडाचे लोक, आणि स्टुडिओ इंजिनिअर, जो डिझायनरची भाषाही बोलतो आणि प्रेस शॉपचीही. या शेवटच्या माणसाची टंचाई कायम असते, आणि मेकॅनिकलच्या मुलाला ते दार सगळ्यात जवळ आहे. एलियस हे सरफेस बनवायचं सॉफ्टवेअर शिकायला घे.

आणि पुण्याला यायच्या आधी जळगावच्या एमआयडीसीत एखाद्या पाइप फिटिंगच्या कारखान्यात ओळख काढून जा. एल्बोचा मोल्ड उघडताना बघ. तुकडा साच्यातून सुटावा म्हणून भिंतींना दिलेला किंचित उतार हाताला लागेल, आणि दोन साचे मिळतात तिथली बारीक रेघ तुकड्यावर दिसेल. गाडीचा बंपर त्याच जातीचा आहे, फक्त मोठा, आणि ती रेघ गिऱ्हाइकाच्या नजरेआड कुठे लपवायची याच्यावर आम्ही दिवस घालवतो. पोर्टफोलिओत सुपरकारची दहा चित्रं टाकू नकोस, ती सगळेच टाकतात. चार मीटरच्या आत बसणारी, १५ इंची चाकांवरची, मागच्या काचा पूर्ण उतरतात अशी एक गाडी काढ. बाजूनं काढ, माप लिहून काढ, आणि काच दारात कुठे जाते ते तुटक रेघेनं दाखव.